शिवछत्रपती आणि जायबंदी सैनिकाचा हक्क

शिवजयंती जवळ आली की महाविद्यालयांतून व्याख्याने होतात आणि त्यांत प्रतापगड, आग्रा व राज्याभिषेक हे तीन प्रसंग ठरलेले असतात. यंदा असेच एक व्याख्यान तयार करीत असता कामोठ्यातील आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त हवालदार कागदपत्रांची पिशवी घेऊन घरी आले. त्यांची सारी हयात तोफखान्यात गेली. निवृत्तीच्या वेळी एका कानाने ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व मान्य केले; मात्र ते सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेने बळावलेलेही नाही, असा शेरा मारला. त्या एका वाक्यापायी त्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन अडून राहिले आहे. तो इंग्रजी शेरा मी त्यांना मराठीत उलगडून सांगत होतो, तेव्हा माझ्या टेबलावर सभासदाची बखर उघडी होती. पान प्रतापगडाच्या लढाईनंतरचे होते. त्या पानाकडे मी आजवर इतिहास म्हणूनच पाहत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचले.

शिवाजीराजांचा जन्म १६३० साली शिवनेरीवर झाला, त्या काळी दख्खनेत सैनिकाचा करार राज्याशी नसे, सरदाराशी असे. सुलतानाने सरदारास मुलूख लावून द्यावा, सरदाराने त्या उत्पन्नातून माणसे व घोडी बाळगावी आणि बोलावणे येताच हजर व्हावे, अशी ती रीत होती. स्वतः शहाजीराजे अशाच व्यवस्थेतील मातब्बर सरदार होते. या व्यवस्थेत शिपायाचा हात तुटला तर तो सरदाराच्या हिशेबातून वगळला जाई. सरदार उदार असेल तर काही देई, नसेल तर नाही. शिपायाच्या घरी चार पांड जमीन असली तर तो तिच्याकडे परते, आणि ती नसलेल्याचे काय होई हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

पुणे जहागिरीत वाढलेल्या या तरुणाने ती रीत बदलली. तोरण्यापासून सुरुवात झाली, १६५६ साली जावळी हाती आली, पुढील वर्षी कल्याण-भिवंडी घेतली आणि उत्तर कोकणाचे दार उघडले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की डोळ्यांत भरणारा अंगठ्यासारखा सुळका ज्या किल्ल्याचा, तो कर्नाळाही पुढे त्यांच्याच ताब्यात होता. मुलूख वाढत असता राजांनी एक अवघड निर्णय अमलात आणला: फौजेस गावे तोडून न देता खजिन्यातून वेतन द्यायचे. यामागील राजकीय हेतू उघड आहे. मुलूख हाती असलेला सरदार बंड करू शकतो. पण या निर्णयाची आर्थिक बाजू क्वचितच सांगितली जाते. रोख वेतनावरच्या शिपायाच्या मागे जमिनीचा आधार राहत नाही. तो पडला किंवा पांगळा झाला तर त्याच्या घरची चूल त्याच महिन्यात विझते. ज्या राज्याने वेतनाची पद्धत पत्करली, त्याला या जोखमीचा भारही पत्करणे भाग होते. तो पत्करला गेला की नाही, याची परीक्षा १६५९ साली झाली.

त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला अफजलखान मारला गेला आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी खानाच्या फौजेची दाणादाण उडविली. विजय मोठा होता, पण तो फुकट मिळाला नव्हता. लढाई संपल्यावर काय झाले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने सांगितले आहे. थोरामोठ्यांस हत्ती, घोडे, कडी, तुरे अशी बक्षिसे मिळाली. ही झाली कोणत्याही दरबाराची रीत. त्यापुढील मजकूर मात्र निराळा आहे. जे कामी आले त्यांच्या मुलांचा सांभाळ केला. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. जे जखमी झाले त्यांना जखम पाहून माणशी दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले.

सभासदाने हे १६९० च्या दशकात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिले. महाराज गेल्यावर दशकाहून अधिक काळ लोटला होता आणि लेखक निष्ठावंत सेवक होता. शिवाय हा एका लढाईनंतरचा वृत्तान्त आहे, नियमांचे पुस्तक नव्हे. हे सारे ध्यानात घेऊनही या तपशिलातील शिस्त नजरेआड करता येत नाही. बक्षीस राजाच्या मर्जीवर असते. जखमेचे होन जखमेच्या मापावर दिले गेले. जखमी कोणाचा कोण, याचा उल्लेख सभासद करीत नाही.

रकमांचा अंदाज घ्यावयाचा तर सभासदानेच दिलेले वेतनाचे दर हाताशी आहेत. पायदळातील जुमलेदारास सालीना शंभर होन आणि हजारीस पाचशे होन मिळत. म्हणजे सर्वांत मोठ्या जखमेस दिलेले दोनशे होन ही जुमलेदाराच्या पुऱ्या दोन वर्षांच्या वेतनाएवढी रक्कम होते. सर्वांत लहान जखमेचे पंचवीस होनही त्याच्या तीन महिन्यांच्या वेतनाबरोबर भरतात, आणि साध्या पाइकाचे वेतन तर जुमलेदाराहून कितीतरी कमी असणार. नवे राज्य, मर्यादित महसूल, विजापूरची फौज पुन्हा चालून येण्याची खात्री, अशा स्थितीत हा खर्च करणाऱ्या राजाला उधळ्या म्हणावे काय? माझ्या मते त्याने तो पैसा अतिशय हिशेबाने गुंतविला. पुढच्या खिंडीत उभे राहणाऱ्या माणसाला मागे घराचे काय होईल हे ठाऊक असणे, ही कोणत्याही फौजेची दारूगोळ्याइतकीच गरज असते.

ती खिंड आठच महिन्यांत आली. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभू आणि त्यांची माणसे घोडखिंडीत उभी राहिली. पुढचा काळ धामधुमीचा होता. शाएस्तेखान, सुरत, मग मिर्झाराजांची स्वारी. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. हाती उरले बारा किल्ले आणि एक लाख होनांचे उत्पन्न. दिलेल्या किल्ल्यांत आमचा कर्नाळाही होता. खजिन्याची आवक अशी पाचव्या हिश्श्यावर आल्यावर कोणतीही भाडोत्री फौज पांगली असती. ही फौज पांगली नाही. आग्र्याहून सुटून आल्यावर महाराजांनी राज्याची घडी पुन्हा बसविली आणि १६७० साली किल्ल्यांमागून किल्ले परत घेतले. कर्नाळाही त्याच साली परत आला. यात पराक्रमाचा वाटा मोठा आहेच. पण पैशाच्या बाबतीत शब्द पाळणाऱ्या धन्याची पतही त्यात धरावी लागेल.

या पतीची दुसरी बाजू कडक होती. मोहिमेवर निघण्यापूर्वी प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद होई आणि परतल्यावर झाडा घेतला जाई. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण जपून वापरा, ती संपल्यावर कुणब्यांच्या घरून काही ओढून आणू नका, अशी ताकीद त्यात आहे. शिपायाची जबाबदारी खजिन्याने घेतली होती, म्हणूनच रयतेकडून काही घेण्याचा त्याचा हक्क उरला नव्हता, हा त्यातील विचार मला फार मोलाचा वाटतो.

१६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीजवळ सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी त्यांना कठोर शब्द सुनावले होते आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागले होते. त्यानंतर काही महिन्यांनी रायगडावर राज्याभिषेक झाला, मग दक्षिण दिग्विजय झाला, जिंजी हाती आली. परंतु प्रतापरावांचे घर महाराज विसरले नाहीत. १६८० च्या मार्चमध्ये राजाराम महाराजांचा विवाह प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिच्याशी झाला. काही दिवसांनीच, ३ एप्रिलला, महाराजांचे निधन झाले.

आजच्या प्रजासत्ताकात जखमेचे माप टक्क्यांत घेतात. अपंगत्व किमान वीस टक्के असावे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेने बळावलेले असावे, या दोन अटींवर या निवृत्तिवेतनाची इमारत उभी आहे. पहिल्या अटीचे माप डॉक्टर घेतात. सारे तंटे दुसऱ्या अटीवर होतात. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे. व्याधीचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा आणि संशयाचा फायदा जवानाला मिळावा. तरीही शेरे पूर्वीसारखेच मारले जातात. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने जवानाच्या बाजूने निकाल दिला तरी सरकार वरच्या न्यायालयात जाते. २०२५ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा अनेक याचिका एकत्रच फेटाळल्या. खोटे दावे रोखावेत हे मान्य. परंतु थोड्या खोट्या दाव्यांच्या भीतीने सर्व खऱ्या दावेदारांना वर्षानुवर्षे वकिलांच्या दारी उभे करणे, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही महागाचे आहे. खटल्यांवर होणारा खर्च जखमींना देता आला असता.

आमच्या हवालदारांना मी एवढेच सुचविले की, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल अभिलेख कार्यालयाकडून मागवून घ्यावा. त्या दिवशी दोन्ही कान चांगले होते अशी नोंद त्यात असेल, तर मंडळाच्या शेऱ्याला कारण द्यावे लागेल. आधी विभागाकडे अपील, मग अलिबागेस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य आणि गरज पडल्यास न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा तो मार्ग आहे. अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. मी वाचून दाखविताना ते चांगल्या कानाची बाजू माझ्याकडे करून ऐकत होते.