आघारकर आणि माझ्या मातीच्या पिशव्या

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर 'आघारकर संशोधन संस्था' अशी पाटी पाहिली, तेव्हा मला वाटलं पेंटरने स्पेलिंग चुकवलं! आगरकर वेगळे आणि आघारकर वेगळे, हे मला विसाव्या वर्षी कळलं.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवू लागले. पण वर्गात बसून राहणं त्यांना जमेना. सह्याद्रीत हिंडायचं, ओढे-नद्या पालथ्या घालायच्या, हा नाद. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. नाण्याएवढा, पारदर्शक. तोपर्यंत ही प्रजाती फक्त आफ्रिकेतच माहीत होती. मग तो साताऱ्यात कसा? भारत आणि आफ्रिका कधीकाळी जोडलेले होते का, हा प्रश्न आला. त्या जुन्या भूखंडाचं नाव गोंडवन, आणि ते आलं आपल्याच गोंड मुलखावरून. चंद्रपूरचा कोळसाही त्याच काळातला. हे वाचून मला फार भारी वाटलं.

१९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाकडून ते जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटलं. ते तिथेच अडकले, काही काळ नजरकैदही झाली. तरी १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच सुटले. (आपण लाइट गेली की सबमिशन पुढे ढकलतो.) मग कलकत्त्यात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९४६ मध्ये निवृत्त झाल्यावर आरामखुर्ची न घेता पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. संस्थेची सुरुवात लॉ कॉलेजच्या इमारतीत झाली. १९६० मध्ये गेले, तोपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. आज तिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. एमएसीएस नावाचं सोयाबीनही तिथलंच. वरोऱ्याच्या काकांकडे बियाण्याच्या पोत्यावर ही अक्षरं मी कितीदा वाचली होती, अर्थ कधी विचारला नाही.

हे सगळं मी शोधलं ते फजितीनंतर. मागच्या दिवाळीत मामाच्या गावी, आरमोरीकडे गेले होते. मिनी-प्रोजेक्टसाठी मोहाखालची, बांबूच्या बेटातली, धानाच्या बांधीतली माती आणली. आठ पिशव्या. वर मार्करने लिहिलं होतं, ते घामाने आणि दवाने पुसलं. लॅबमध्ये एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात घालून दहापट, शंभरपट, हजारपट पातळ केली, आगारच्या बशीत पसरली. वसाहती छान उगवल्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक तर चक्क गुलाबी. पण गुलाबी मोहाखालची की बांधीतली? सांगता येईना. मॅडमनी विचारलं, मी गप्प.

शिवाय बशीत उगवतात ते मातीतल्या जंतूंपैकी फार थोडे. बाकीच्यांचा पत्ता लावायला मातीतूनच डीएनए काढावा लागतो. पण डीएनए काढला तरी ती माती कुठली, हे मशीन सांगत नाही. साताऱ्याच्या जेलीफिशची किंमतही तो कुठल्या पाण्यात सापडला यातच होती ना!

इकडे जंगल खाणीसाठी उकरलं की वरची माती आधी जाते, आणि तिच्यात काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. या दिवाळीत परत आरमोरीला जाते आहे. पेन्सिल आणि कागदी लेबलं घेतली आहेत. एक लेबल पिशवीच्या आत, एक बाहेर. मामा म्हणतो, मोहाचं ते झाड अजून उभं आहे.