समुद्र घरात आणणारा निसर्गशास्त्रज्ञ

दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढविणाऱ्या हौशी मंडळींपुढे आज बाटल्यांची रांग असते : कॅल्शियम, मॅग्नेशियम, आयोडीन, सूक्ष्म मूलद्रव्ये. यातले पाण्यात काय घालावे आणि काय वगळावे, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांच्यापुढेही होता.

६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे जन्मलेल्या गॉस यांचे वडील गावोगाव हिंडून लघुचित्रे रंगवीत. घरची परिस्थिती बेताचीच. १८२७ मध्ये कारकुनीसाठी न्यूफाउंडलंड गाठलेल्या गॉस यांनी पुढे कॅनडात शेती केली, अलाबामात शिक्षकी केली आणि जमैकात पक्ष्यांचा अभ्यास केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याला समुद्रजीव पुरविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५४ च्या त्यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकाने इंग्लंडला या छंदाचे वेड लावले.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चारच क्षारांचे कृत्रिम समुद्रजल सिद्ध केले. त्यात आधी शैवाल ठेवले, मग प्राणी सोडले. चुन्याचे अल्प क्षार मात्र त्यांनी वगळले. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. म्हणूनच आज लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, त्याच्या जोडीने पाण्याची क्षारता आणि मॅग्नेशियम राखण्यावर भर दिला जातो. आधी पाणी तपासावे, उणीव दिसेल तेवढीच भरून काढावी, हाच पूरक द्रव्ये निवडण्याचा सुज्ञ मार्ग होय.

१८५७ हे वर्ष गॉस यांना जड गेले. पत्नी एमिली कर्करोगाने निवर्तल्या. सृष्टीची उत्पत्ती आणि धर्मश्रद्धा यांचा मेळ घालू पाहणारे त्यांचे ‘ओम्फॅलॉस’ विद्वानांनी आणि धार्मिकांनीही नाकारले. तरीही त्यांनी ब्रिटनमधील समुद्रफुले आणि प्रवाळ यांवरचा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण केला.

खरी खंत वेगळीच होती. त्यांची पुस्तके वाचून किनाऱ्यावर लोटलेल्या संग्राहकांनी खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. वडिलांचे हे दुःख पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी टॉर्की येथे गॉस यांचे निधन झाले. टाकीतला समुद्र जगविण्याची विद्या त्यांनी लोकांना दिली. बाहेरचा समुद्र जपण्याची जबाबदारी आजही छंद जोपासणाऱ्यांवरच आहे.