मुंबईहून मस्कतला आलेला एक विद्यार्थी : कार्स्टन नीबूर



मस्कतमध्ये आपल्या सगळ्यांचे दिवस कसे जातात? ऑफिसात इंग्रजी, दुकानात हिंदी, घरी मराठी. अरबीची गरज पडतेच कुठे? 'शुक्रन' आणि 'इन्शाल्ला' एवढ्या भांडवलावर आम्ही इथे कित्येक वर्षे काढली. परवा मुलांच्या अरबीच्या पुस्तकावरून घरात विषय निघाला आणि कार्स्टन नीबूरची आठवण झाली. तोही मुंबईहूनच मस्कतला आला होता, तोही इंजिनिअर होता. फक्त तो आला १७६५ साली!

नीबूरचा जन्म १७ मार्च १७३३ रोजी उत्तर जर्मनीतल्या ल्युडिंगवर्थ या गावी, शेतकरी घरात झाला. आईवडील लहानपणीच गेले. जमिनीची मोजणी शिकावी म्हणून त्याने वय वाढल्यावर गणिताचा ध्यास घेतला आणि तो ग्योटिंगेन विद्यापीठात पोहोचला. तिथल्या मायकेलिस या प्राध्यापकाच्या सूचनेवरून डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक अरबस्तानात अभ्यासकांची तुकडी पाठवणार होता. नकाशे काढायला नीबूरची निवड झाली. टोबियस मायर याच्याकडे तो खगोलशास्त्र मन लावून शिकला, पण मायकेलिसकडची अरबीची शिकवणी त्याने मध्येच सोडली! प्राध्यापक ही पदवी देऊ केली, तर आपले ज्ञान तेवढे नाही म्हणून तीही नाकारली. लेफ्टनंट इंजिनिअर एवढ्यावर तो खूष होता.

जानेवारी १७६१ मध्ये मंडळी कोपनहेगनहून निघाली. भाषातज्ज्ञ फॉन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्कोल, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, नीबूर आणि एक नोकर, असे सहा जण. इजिप्तमध्ये वर्षभर मुक्काम पडला आणि वर्गात न जमलेली अरबी नीबूरला तिथे बाजारात, नावेत, उंटाच्या तांड्यात जमू लागली. गावांची नावे तो तिथल्याच लोकांना विचारून लिहून घेई.

येमेनमध्ये मात्र घात झाला. १७६३ च्या मे महिन्यात फॉन हावेन गेला, जुलैमध्ये फोर्स्कोल. मोखाहून मुंबईकडे येताना बाउरेनफाइंड आणि नोकर जहाजावरच वारले. फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत क्रामरनेही डोळे मिटले. सहांतला एकटा नीबूर उरला, तोही आजाराने खंगलेला.

घरी परत जायला कोणी नावे ठेवली नसती. पण मुंबईत वर्षभर राहून तो सावरला आणि कामाला लागला. तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात असलेल्या घारापुरीला पुन्हा पुन्हा जाऊन त्याने लेण्यांची मापे आणि चित्रे घेतली. मग डिसेंबर १७६४ मध्ये तो मस्कतच्या जहाजात बसला.

इथे तो जेमतेम दोन आठवडे होता. इमाम अहमद बिन सईद यांचा तो काळ. नीबूरने शहराचा नकाशा काढला आणि लोकांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले. इथले इबादी पंथाचे लोक साधे राहतात, तंबाखू ओढत नाहीत, मोठ्या माणसाचा पोशाखही इतरांपेक्षा फारसा भपकेबाज नसतो, हे त्याने टिपले. रात्री रस्त्यावर पडलेल्या मालाला कोणी हात लावत नाही, याचे त्याला नवल वाटले. आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे मस्कतमध्ये निदान १२०० हिंदू व्यापारी आहेत, त्यांना आपल्या रीतीने राहण्याची, बायकांना आणण्याची, घरात देव ठेवण्याची आणि मृतांचे दहन करण्याची मुभा आहे, अशी नोंद त्याने केली. जुन्या मस्कतमधल्या शिवमंदिरात जाताना आम्हाला आता ही नोंद आठवते.

पुढे इराण, बगदाद, मोसूल, अलेप्पो असा प्रवास त्याने अंगावर तिथलाच पोशाख चढवून, तिथलेच अन्न खाऊन, अब्दुल्ला या नावाने केला. पर्सेपोलिस येथे त्याने काढलेल्या शिलालेखांच्या नकलांवरूनच १८०२ मध्ये ग्रोटेफेंडने कीलाक्षर लिपी उलगडायला सुरुवात केली. १७६७ च्या नोव्हेंबरात तो कोपनहेगनला परतला. अरबस्तानावरचा त्याचा ग्रंथ १७७२ मध्ये निघाला. पुढचे आयुष्य त्याने मेल्डॉर्फ या लहान गावी सरकारी नोकरीत काढले आणि २६ एप्रिल १८१५ रोजी तिथेच त्याचे निधन झाले.

सोबत्यांनी युरोपी खाणेपिणे सोडले नाही म्हणून ते आजारी पडले, असे त्याचे मत होते. आज आपल्याला कळते की खरा दोष मलेरियाचा. तेव्हा नुसत्या पोशाखाने आणि जेवणाने तो वाचला असे आम्ही म्हणणार नाही. पण एकट्याने, सोबतीशिवाय, तो पुढची जवळजवळ तीन वर्षे त्या मुलखातून फिरू शकला, ते मात्र लोकांत मिसळल्यामुळेच.

आज निझवाजवळ मनाह येथे परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवण्यासाठी सुलतान काबूस यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. आपल्याला तितके लांबही जायला नको. शेजारचा ओमानी दारात खजूर आणि कहवा घेऊन उभा असतोच. नीबूरला दोन आठवड्यांत जेवढे दिसले, तेवढे आम्हाला इतक्या वर्षांत दिसले नाही, याची खरे तर लाज वाटते. म्हणून आता रोज संध्याकाळी मुलांच्याच पुस्तकातून आम्ही अलिफ, बा, ता गिरवू लागलो आहोत. उच्चारांना मुले हसतात, पण असो. सुरुवात तर झाली!