चाप ओढण्यापूर्वी

१९०७ साल. कुमाऊँतील चंपावतजवळ एक वाघीण मरून पडली होती. नेपाळात आणि कुमाऊँत मिळून तिने ४३६ माणसे मारली होती. ज्याने तिला टिपले, त्याने तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. एक निम्मा, तर दुसरा पार हाडापर्यंत. ती खूण जुन्या गोळीची होती. कुणीतरी कधीकाळी तिच्यावर बार टाकला होता, पण काम पुरे केले नव्हते. मग रानातले सावज धरणे तिला जमेना, आणि ती माणसांकडे वळली.

जबडा पाहणारा तो शिकारी म्हणजे जिम कॉर्बेट. जन्म २५ जुलै १८७५, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते वारले. थंडीचे दिवस हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला काढी. तिथल्या रानात या मुलाला पहिली बंदूक मिळाली. ठासणीची, दुनळी, पण एक नळी फुटलेली आणि सारा सांगाडा पितळी तारेने बांधलेला. म्हणजे बार एकच. तो फुकट गेला की पुन्हा दारू ठासत बसायचे. अशा बंदुकीने मुलाला घाई करू दिली नाही. चितळ कुणाला पाहून ओरडले, वानर कशाने बिथरले, हे आधी ऐकायचे, जवळ सरकायचे आणि मगच चाप ओढायचा.

पुढे मोकामेह घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्यात त्यांची वीसेक वर्षे गेली. नरभक्षकाच्या मागे जाण्यापूर्वी सरकारला त्यांच्या दोन अटी असत : जाहीर केलेले बक्षीस रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना त्या भागातून काढून घ्या. पैशासाठी मारणारा म्हणून त्यांना ओळख नको होती, आणि दुसऱ्याच्या चुकीच्या गोळीला बळी पडायचेही नव्हते.

तरीही हा माणूस चुकला. १९२९ साली चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असताना दोन वाघ एकत्र दिसले : वाघीण आणि तिचे पूर्ण वाढलेले पिल्लू. फिकट रंगाचे जनावर तेच म्हातारे, असा अंदाज बांधून कॉर्बेटनी गोळी झाडली. नेम अचूक होता, अंदाज चुकला. मेले ते पिल्लू. पुढच्या बारा महिन्यांत वाघिणीने आणखी पंधरा माणसे मारली. हा हिशेब कॉर्बेटनी स्वतःच मांडून ठेवला आहे आणि तो स्वतःच्याच नावे टाकला आहे.

माझी उमर बँकेत गेली. सहीबद्दल शंका असेल तर चेक थांबवायचा, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाई. चुकून दिलेली रक्कम निदान मागून घेता येते. सुटलेल्या गोळीला ती सोय नाही.

आपली ताकद कुठे संपते, हेही त्यांना कळत होते. १९२५ मध्ये रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यामागे कित्येक रात्री जागून काढल्यावर शरीर आणि मन थकले, तेव्हा ते परत फिरले. लोक मरत असताना परत फिरणे सोपे नव्हते. पण थकलेल्या डोळ्यांनी नेम धरणे त्याहून वाईट. विश्रांती घेऊन ते पुन्हा गेले आणि मे १९२६ मध्ये तो बिबट्या मारला.

१९३० मध्ये चौगढची वाघीण अखेर समोर आली, अवघ्या काही फुटांवर. कॉर्बेटच्या एका हातात पक्ष्याची अंडी, दुसऱ्यात रायफल. त्यांनी एका हाताने रायफल अगदी सावकाश वळवली, आणि नळी तिच्या रोखाने येईपर्यंत चाप ओढला नाही.

पुढे त्यांच्या हातात कॅमेरा आला, आणि देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये उभे राहिले त्यातही त्यांचा वाटा होता. १९४७ नंतर ते केनियात गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. त्या उद्यानाला आता त्यांचेच नाव आहे. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडच्या शौकाच्या शिकारीलाही लगाम बसला.

कॉर्बेटनी मारलेल्या वाघांची संख्या पुष्कळांना पाठ असते. मला मात्र त्या पंधरा माणसांचा आकडा आठवतो. तो त्यांना लपवता आला असता.