सिस्टर केनी : लुळ्या अवयवांची परिचारिका

जैन आचारशास्त्रात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. उपवास हे बाह्य तप. त्याची अनुमोदना आपण मोठ्या उत्साहाने करतो, पारण्याला सारा समाज लोटतो. वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हिची गणना मात्र आभ्यंतर तपांत केलेली आहे. तत्त्वार्थसूत्रात ज्यांचे वैयावृत्त्य करावे अशा दहा जणांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे रोगपीडित साधूचा स्वतंत्र निर्देश आहे. मूळ विधान मुनिसंघासाठी असले, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे हे तप आहे, हा विचार श्रावकानेही मनाशी धरण्यासारखा आहे. जिने जैन धर्माचे नावही कदाचित ऐकले नसेल, पण हे तप जन्मभर आचरले, अशा एका परिचारिकेचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

एलिझाबेथ केनी यांचा जन्म 20 सप्टेंबर 1880 रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात वॉरिआल्डा या गावी झाला. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. किशोरवयात घोड्यावरून पडून मनगट मोडले, तेव्हा टूवूम्बा येथील शल्यचिकित्सक डॉ. एनियस मॅक्डॉनल यांनी उपचार केले. त्यांच्याकडील शरीररचनेची पुस्तके व हाडांचा सांगाडा पाहून या मुलीला स्नायूंच्या अभ्यासाचे वेडच लागले. पुढे कोणत्याही परिचारिका विद्यालयाची पदवी नसताना त्या नॉबी परिसरातील वस्त्यांवर घोड्यावरून रपेट करीत रुग्णसेवा करू लागल्या. पदवी नसणे ही उणीव त्यांना आयुष्यभर भोवली.

1911 साली एका दूरच्या वस्तीवर हातपाय आखडून वेदनेने तळमळणारे एक बालक त्यांनी पाहिले. डॉ. मॅक्डॉनल यांना तार केली. उत्तर आले ते असे की हा बालपक्षाघात असावा, निश्चित उपाय नाही, सुचेल ते करावे. केनीबाईंनी प्रथम तापवलेल्या मिठाची पिशवी लावली, मग जवसाचे पोटीस बांधले, आराम पडेना. अखेर लोकरी घोंगडीच्या पट्ट्या फाडून, उकळत्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून त्या स्नायूंभोवती गुंडाळल्या. मूल शांत झोपले. ही हकीगत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे व तिच्या तपशिलाविषयी चरित्रकारांना शंका आहेत. परंतु त्यांची पुढील पद्धत याच घोंगडीच्या पट्टीवर उभी राहिली, हे निर्विवाद.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर त्यांनी सेवा केली. 1917 मध्ये ‘सिस्टर’ ही लष्करी परिचारिकेची पदवी मिळाली व ती नावाला कायमची चिकटली. 1927 मध्ये रुग्ण हलविण्याच्या ‘सिल्व्हिया’ स्ट्रेचरचे पेटंट त्यांनी घेतले.

त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळचा उपचार पाहावा लागतो. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील हालचालीच्या पेशी नष्ट करतो. दुर्बल स्नायू ताणला जाऊ नये, अवयव वाकडा होऊ नये, म्हणून मुलांचे हातपाय प्लास्टरमध्ये किंवा लाकडी-लोखंडी पट्ट्यांत महिनोन्महिने जखडून ठेवीत. या रोगात हालचाल जाते, संवेदना मात्र शाबूत असते. म्हणजे ते मूल हलू शकत नसे, पण वेदना पूर्णपणे भोगीत असे. केनीबाईंनी ही बंधने सोडविली. लोकरी पट्टी इतकी पिळायची की पाण्याचा थेंबही राहू नये, म्हणजे भाजत नाही. सांधे मोकळे ठेवायचे. गादी कडक हवी व पायाशी तळवे टेकतील अशी उभी फळी. वेदना शमल्यावर परिचारिकेने अवयव हळुवार हलवायचा आणि मुलाने आपले सारे लक्ष त्या एकाच स्नायूकडे न्यायचे. (येथे एक सूचना अगत्याची वाटते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला किंवा अर्धांगवायूने संवेदना गेलेल्या अंगाला असा शेक कधीही देऊ नये; त्वचेला उष्णता कळत नाही आणि फोड येतात.)

1930च्या दशकात टाउन्सव्हिल येथे त्यांचे चिकित्सालय सुरू झाले. डॉक्टरांचा विरोध वाढल्याने क्वीन्सलंड सरकारने 1935 मध्ये चौकशी आयोग नेमला. 1938 चा त्याचा अहवाल केनीबाईंच्या पूर्ण विरोधात गेला. तरीही पालक मुलांना घेऊन येतच राहिले. 1940 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. अनेक ठिकाणी दारे बंद मिळाल्यावर मिनीॲपोलिसच्या डॉक्टरांनी त्यांना आपले रुग्ण पाहू दिले. डिसेंबर 1942 मध्ये त्याच शहरात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. 1950 मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांना व्हिसाविना मुक्त प्रवेशाचा मान दिला.

विरोधक सारेच दुष्ट होते, असे मात्र मानू नये. पोलिओचा मूळ दोष स्नायूंच्या आकुंचनात आहे, असे केनीबाई आग्रहाने सांगत. तो मज्जारज्जूत आहे, असे डॉक्टर म्हणत. शास्त्रदृष्ट्या डॉक्टरांचेच बरोबर होते. यशाचे त्यांचे दावेही फुगविलेले आहेत, असे 1944 मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या समितीने म्हटले. बरीच मुले उपचाराविनाही सुधारतात, हे खरेच आहे. पण डॉक्टर मज्जारज्जूकडे पाहत होते आणि या बाई खाटेवरच्या मुलाकडे. दोन्ही नय आपापल्या जागी सत्य होते; दोन्ही पक्षांनी आपलाच नय पूर्ण सत्य मानला. केनीबाईंचा स्वभाव तापट, भाषा कठोर. विरोध करणाऱ्याला त्या सहसा क्षमा करीत नसत. अनेकांताची दृष्टी दोहोंकडे असती, तर कित्येक मुलांची प्लास्टरमधून अनेक वर्षे आधी सुटका झाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. त्यांची उपपत्ती मागे पडली, तरी जखडून ठेवण्याची रीत मोडली ती कायमचीच, आणि आजच्या पुनर्वसन उपचारांच्या घडणीत त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा मानला जातो.

पोलिओची लस 1955 मध्ये आली. भारतात या रोगाचा नैसर्गिक विषाणूमुळे झालेला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला व मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. यातले काहीच पाहण्यास केनीबाई राहिल्या नव्हत्या. शेवटच्या वर्षांत त्यांना स्वतःलाच मज्जासंस्थेचा विकार, कंपवात, जडला. 1951 मध्ये त्या टूवूम्बाला परतल्या. तेथेच 30 नोव्हेंबर 1952 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या नॉबी गावातून त्या घोड्यावर बसून रुग्णांकडे निघत, तेथील दफनभूमीत आईच्या शेजारी त्यांची समाधी आहे.