दादासाहेब फाळके: डोळ्यांना जिंकलं, मग आवाज आला

रीलमध्ये ओठ आणि आवाज जुळले नाहीत, की आपण लगेच वैतागतो. दादासाहेब फाळके यांची कारकीर्द याच वळणावर येऊन अडली होती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मग फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोगही. सिनेमाच्या ध्यासापायी काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली आणि ३ मे १९१३ ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

हा मूकपट होता. स्थिर चित्रं झपाट्याने बदलली, की मेंदूला ती हलताना दिसतात. फाळक्यांचा खेळ यावरच उभा होता.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. आवाज स्पीकरमधून येतो, पण मेंदू तो पडद्यावरच्या ओठांना जोडतो. अट एकच, दोन्हींची वेळ जुळायला हवी. म्हणूनच मूकपटाला मागाहून आवाज देणं अवघड. फाळक्यांच्या 'सेतुबंधन'ला तो असा नंतर जोडावा लागला.

तरी साठी उलटल्यावर त्यांनी कोल्हापुरात 'गंगावतरण' हा बोलपट केला. १९३७ चा हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

मूकपटांच्या या माणसाच्या नावाचा १९८९ चा पुरस्कार मिळाला तो एका आवाजाला: लता मंगेशकर यांना.