बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-अभिनेते होते. ते स्त्रीभूमिकांसाठी विशेष प्रसिद्ध होते. नाट्यगृहाबाहेर छायाचित्रे, ग्रामोफोनच्या तबकड्या व जाहिराती यांतून त्यांची प्रतिमा घरोघरी पोहोचली.

प्रारंभिक जीवन

बालपणी काही काळ ते खानदेशातील जळगाव येथे होते. तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना गायनाचे आरंभीचे शिक्षण मिळाले. त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व हे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. पुढे मूळ नाव मागे पडून हेच नाव रूढ झाले.

रंगभूमीवरील कारकीर्द

१९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल होऊन त्यांनी शकुंतलेची भूमिका केली. १९११ मध्ये मानापमान नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या मुलीचे निधन झाले. तरीही त्यांनी प्रयोग केला. या प्रसंगाच्या वारंवार कथनामुळे रसिकांसाठी सर्वस्व वाहणारा नट ही त्यांची ओळख दृढ झाली. १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. स्वयंवरमधील रुक्मिणी (१९१६) व एकच प्याला मधील सिंधू (१९१९) या त्यांच्या भूमिका विशेष गाजल्या.

लोकप्रतिमा

त्यांची नऊवारी नेसण्याची पद्धत, केशरचना व दागिने यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. त्यांचे नाव व छायाचित्र साबणासारख्या वस्तूंच्या विक्रीसाठी वापरले गेले. नाटक कंपनी जेथे पोहोचत नसे, तेथेही तबकड्यांमुळे त्यांची नाट्यपदे ऐकली जात. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असल्याने रंगमंचावर आळवून गायिली जाणारी पदे आटोपशीर करावी लागत.

हे वैभव टिकवणे खर्चिक होते. उंची वस्त्रे, अत्तरे, भव्य नेपथ्य आणि अहमदजान थिरकवा यांच्यासारखे साथीदार यांवर मोठा खर्च होई. परिणामी भरघोस उत्पन्न असूनही कंपनी वारंवार कर्जबाजारी झाली.

चित्रपट व उत्तरायुष्य

प्रभातच्या धर्मात्मा (१९३५) या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. मात्र त्यांना स्त्रीवेषात पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांनी या भूमिकेला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही. साध्वी मीराबाई (१९३७) या चित्रपटात ते पुन्हा स्त्रीभूमिकेत आले. परंतु कॅमेऱ्याने जवळून टिपलेले प्रौढ वय लपले नाही आणि चित्रपट अयशस्वी ठरला. पुढे कंपनीतील स्त्रीभूमिका गोहरबाई कर्नाटकी करू लागल्या. उत्तरायुष्यात त्यांना आजारपण व आर्थिक ओढाताण सोसावी लागली.

सन्मान व स्मृती

त्यांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे १९६८ मध्ये उद्घाटन झाले. जळगाव येथेही त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. २०११ मध्ये बालगंधर्व हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली, तर पदांना आनंद भाटे यांचा आवाज होता.